पुढचा भूगोल

साळवे बाई मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडं रीत आहे आणि बाईंना ती रीत अजिबात मान्य नव्हती. आमच्या शाळेतले एक जुने शिपाई वारले तेव्हा शोकसभेत मी त्यांच्या प्रेमळ स्वभावाबद्दल बोललो. बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी खाली बसल्यावर त्या आवाज अजिबात न उतरवता म्हणाल्या, "पोरांना किती मारायचे ते सांगायचं राहिलं, सर." पुढच्या दोन रांगांनी ऐकलं. शिपायाच्या मुलानंही ऐकलं.

शाळा राहू गावाच्या पुढं, नदीकाठच्या एका गावात. चहूकडं ऊस आणि उसाच्या मधोमध गुऱ्हाळांची धुराडी. मी तिथं मराठी शिकवायचो, राहायला केडगावात. बाई दौंडहून यायच्या, सकाळच्या डेमू गाडीनं केडगावपर्यंत आणि तिथून जीपनं. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. वडील रुळांवर काम करायचे, एवढं आम्हाला माहीत होतं. बारीक चणीच्या, केस मागं घट्ट ओढून बांधलेले, साडीखाली पायांत पुरुषी बूट. चपलेत पाय भाजतात, असं त्यांचं म्हणणं. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची स्टाफरूममध्ये कुणाची छाती नव्हती.

आल्या त्या दिवशी मी म्हणालो, या बाई, बसा. बसण्याआधी त्यांनी भिंतीला हाताची मागची बाजू लावली, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग विचारलं, पश्चिमेच्या भिंतीला टेबल कुणी लावलंय? ते टेबल माझं होतं आणि शाळा बांधली तेव्हापासून तिथंच होतं. मधल्या सुट्टीनंतर मी परत आलो तर ते खोलीच्या मध्यावर, माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यासकट. मी ते परत भिंतीशी नेलं नाही, हे खरं. पण त्या भिंतीशी बसून दुपारी माझं डोकं दुखायचं आणि आता दुखत नाही, ही गोष्ट मी त्यांना कधी कळू दिली नाही.

हात लावायची ती सवय सगळीकडं. एसटी स्टँडच्या खांबाला, बँकेच्या काउंटरला, लग्नाच्या कार्यालयात नवरानवरीच्या मागच्या भिंतीला. मुलांनी नाव ठेवलं, ताप बाई. त्या नावाचे दोन्ही अर्थ मुलांना माहीत होते आणि दोन्ही खरे होते.

त्या नववी-दहावीला भूगोल शिकवायच्या. पुस्तकातला धडा झपाट्यानं संपवायच्या, तोही चोख, त्यांच्या विषयात सहसा कुणी नापास झालं नाही. मग पुस्तकं मिटायला लावायच्या. "आता पुढचा भूगोल," म्हणायच्या. माझा वर्ग शेजारी, मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. त्यामुळं माझ्या कवितेच्या तासात त्यांचा पुढचा भूगोल मला आणि माझ्या वर्गाला फुकटात ऐकायला मिळायचा.

सुरुवात ठरलेली असायची. तुम्ही माझ्या वयाचे व्हाल तेव्हा. मग त्या एकेक सांगत जायच्या. तेव्हा मे महिन्यात दुपारी रानात माणूस दिसणार नाही, दिसला तर पडलेला दिसेल. पाऊस कमी पडेल असं नाही, कदाचित जास्तच पडेल, पण महिन्याचा एका दुपारी पडून जाईल आणि नंतर आभाळ कोरडंठाक. नदीकाठची हवा ओलसर, उसातली आणखी ओलसर. अशा हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. दिवसा तापलेलं अंग रात्रीही निवलं नाही की म्हातारं माणूस फार दिवस काढत नाही. हे सगळं त्या बाजारभाव सांगावा तसं सांगायच्या. पार्टिशनच्या अलीकडं माझी सातवीची मुलं खिडकीबाहेर बघत बसायची आणि मी फळ्यावर लिहिलेली ओळ तशीच राहायची.

एकदा तिकडच्या एका मुलानं विचारलं की समुद्र वर येणार म्हणतात, पण आपल्याला काय त्याचं, आपण तर घाटाच्या वर आणि लांब. वर्ग हसला. बाईंनी हसू संपू दिलं. मग म्हणाल्या, "समुद्र नाही येणार इथं. समुद्रकाठची माणसं येतील. घाट चढून येतील, पोरंबाळं घेऊन. त्यांना राहायला जागा लागेल, प्यायला पाणी लागेल. ती कुणाच्या रानात उतरतील, सांग." तो मुलगा खाली बसायला लागला. बाई म्हणाल्या, विचार करून ये, उद्या सांग. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आलाच नाही.

त्याच वर्गात ऋतुजा होती, आप्पांची नात. आप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गावातलं सगळ्यांत मोठं उसाचं रान त्यांचं, गुऱ्हाळ त्यांचं, सोसायटीत शब्द त्यांचा. माणूस मृदू बोलणारा. आवाज कधी चढला नाही, कारण चढवायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली नव्हती. ही नात एका संध्याकाळी ताटावर बसून आजोबांना म्हणाली की आप्पा, आपला ऊस जाणार आहे. आणि जेवण सोडून उठली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तिनं ताट तसंच ठेवलं. मग पालकसभा बोलावली गेली.

सभेला वर्गातल्या मुलांचे बाप आणि चुलते आले, आया चार-पाचच. आप्पांनी सुरुवात सावकाश केली. आमची पोरगी जेवंना झालीय बाई, एवढंच म्हणाले.

"जेवंल की. भूक लागली की जेवंल," बाई म्हणाल्या.

वर्गात त्या पुस्तकी बोलायच्या. भांडायला उभ्या राहिल्या की दौंडची बोली बाहेर यायची, आणि ती आली की मी खुर्ची थोडी मागं घ्यायचो.

आप्पा म्हणाले, "पुस्तकात हाय तेवढं शिकवा ना. पोरांना भ्या कशापायी घालायचं?"

"पुस्तक मागचं हाय आप्पा. पोरांना पुढं ऱ्हायचंय."

एक जण मागून म्हणाला की आम्हाला काय कमी आहे, दाराशी नदी आहे. बाई त्याच्याकडं वळल्या. नदी धरणाची आहे, म्हणाल्या. वर पाऊस कोसळला की धरण सोडतात आणि नदी तुमच्या घरात येते. पाऊस ओढला की सोडत नाहीत आणि नदी येतच नाही. यात तुमच्या हातात काय आहे ते मला सांगा, मी उद्यापासून तेच शिकवते. त्या माणसाच्या गोठ्यात आदल्या पावसाळ्यात पुराचं पाणी शिरून दोन गाई गेल्या होत्या. सगळ्या गावाला ते माहीत होतं. तो मान खाली घालून बसला. मला बाईंचा राग आला. त्याला उत्तर द्यायचं होतं तर द्यायचं, पण गाई गेलेल्या माणसाला असं सगळ्यांत उघडं पाडायचं कारण नव्हतं.

सभेतून काही निघालं नाही. बाईंनी पुढचा भूगोल थांबवला नाही. ऋतुजा जेवायला लागली आणि त्या तासाला पहिल्या बाकावर बसायला लागली. आप्पांना ते जास्त लागलं असावं.

त्या वर्षीचा बक्षीस समारंभ उन्हाळ्यात गेला. मोठे पाहुणे येणार होते, त्यांची तारीख पुन्हा पुन्हा पुढं ढकलत अखेर एप्रिलात मिळाली. सूत्रसंचालन माझ्याकडं. मी स्वागताच्या ओळी लिहिल्या होत्या, पाठही केल्या होत्या. मंचावर मांडव होता, मुलांच्या डोक्यावर काही नव्हतं. मैदानात सकाळपासून सगळी शाळा बसवलेली, पांढऱ्या शर्टांचा नुसता झगमगाट. पाहुणे निघाले, पाहुणे वाटेत आहेत, पाहुणे आणखी एका ठिकाणी थांबलेत, असे निरोप येत राहिले आणि मी माइकवरून मुलांना टाळ्यांचा सराव करायला लावत राहिलो. सूर्य डोक्यावर आला. सहावीतली एक मुलगी बसल्या जागी कलंडली. तिला उचलून व्हरांड्यात नेलं, तोंडावर पाणी मारलं, आणि समारंभाची वाट बघणं पुन्हा सुरू झालं.

बाई शिक्षकांच्या खुर्चीतून उठल्या. मैदानातून सरळ चालत मंचासमोर आल्या आणि मुलांकडं तोंड करून म्हणाल्या, नववी, उठा. नववी उठली. चिंचेखाली जाऊन बसा. मग आठवी. मग पाचवीपासून सगळे. कुणी धावत नव्हतं. त्यांच्यासमोर धावायची कुणाची हिंमत नव्हती. मुख्याध्यापक आप्पांकडं बघत होते, आप्पा रस्त्याकडं. मी माइकवर म्हणत होतो की विद्यार्थ्यांनी कृपया आपल्या जागेवर बसून घ्यावं. बाई मंचाजवळून जाताना थांबल्या.

"माइक बंद करा सर. सतरंज्यांना काय सांगताय?"

तेवढ्यात गाड्या आल्या. पाहुणे उतरले, हार झाले, दीप लागला. समोर मोकळं मैदान आणि घड्या पडलेल्या सतरंज्या. पाहुण्यांनी भाषण केलं. लांब चिंचेखालून आणि व्हरांड्यातून टाळ्या येत होत्या, त्याही उशिरा, कारण तिथं नीट ऐकू येत नव्हतं. माझ्या ओळी मी म्हटल्या. स्वतःच्या आवाजाची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. आप्पांनी पाहुण्यांना निरोप देईपर्यंत चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. मग मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाले, बाईंना लेखी द्या.

मेमो आला. बाईंनी तो स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचला, घडी घातली आणि वीज गेली होती म्हणून त्यानंच वारा घेत बसल्या.

त्याच आठवड्यात मला दौंडला एका नातेवाइकाला दवाखान्यात बघायला जायचं होतं. केडगाव स्टेशनवर संध्याकाळची डेमू उशिरा होती आणि बाकावर दुसरी जागा नव्हती, म्हणून मी बाईंशेजारी बसलो. मी काही बोलणार नव्हतो. त्यांनीच सुरुवात केली आणि तीही माझ्या शाळेच्या अंकातल्या कवितेवरून. तुमच्या कवितेत पाऊस अजून सात जूनलाच येतो, म्हणाल्या.

मी चिडलो. समारंभातला अपमान अजून अंगावर होता. मी म्हणालो, बाई, तुम्ही सांगता तसं सगळं वाईटच होणार असेल, तर शिकवायचं तरी कशाला? ही मुलं काय करणार? चौदा वर्षांच्या पोरीला रात्रीची झोप लागू द्यायची नाही, यात कसली विद्या आहे?

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "वाईट व्हणार हे नक्की हाय, सर. किती वाईट, ते अजून नक्की न्हाई. त्या दोन्हीच्या मधी जेवढी जागा हाय, तेवढ्यात ह्या पोरांना जगायचंय. ती जागा कुठं हाय ते मी दाखवतीय. तुमाला दुसरं काय शिकवता येत असंल तर शिकवा."

एवढं म्हणून त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले आणि एकट्यानं खाल्ले. मला विचारलं नाही. गाडी आल्यावर त्या बायकांच्या डब्याकडं गेल्या, येते म्हणाल्या नाहीत.

वडिलांचं मला दौंडला त्याच फेरीत कळलं. माझे नातेवाईक रेल्वेतलेच. ते म्हणाले, साळव्यांची पोरगी ना? तिचा बाप उन्हाच्या दिवसांत लाइनवर काम करताना पडला, तो पुन्हा उठला नाही. तापलेले रूळ वाकतात म्हणून भर दुपारी तपासत फिरायचं काम. मी हे शाळेत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांना बाईंची दया आली असती, आणि दया दाखवणाऱ्याचं त्यांनी काय केलं असतं याची मला कल्पना होती.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दहावीच्या रिकाम्या मुलींना कामाला लावलं. परीक्षा झालेल्या, घरी बसून होत्या. सकाळची शाळा सुटल्यावर बाई त्यांना घेऊन गावातून फिरायच्या आणि कुठल्या घरात दुपारी किती तापतं, तिथं कोण राहतं, म्हातारं कोण, आजारी कोण, एकटं कोण, हे गावाच्या नकाशावर लाल खडूनं रंगवायच्या. थोडक्यात, उन्हानं आधी कोण जाईल, त्याचा नकाशा. मुली दारात जाऊन आजीला विचारायच्या की आजी, तुम्ही दुपारी कुठं झोपता. म्हाताऱ्या कौतुकानं सांगायच्या. कशासाठी विचारतायत ते कळल्यावर दोन घरांनी मुलींना हाकलून दिलं. मला तो प्रकार अभद्र वाटला. अजूनही वाटतो.

फिरत फिरत त्या आप्पांच्या गुऱ्हाळावर गेल्या. ऋतुजा बरोबर होतीच. गुऱ्हाळावर सगळी माणसं उत्तर प्रदेशची, तिथंच झोपड्या करून राहणारी. वरून एप्रिलचं ऊन आणि खाली चुलवाणाचा जाळ, त्यावर रस उकळणारी भलीमोठी काहील. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाड आत सारणारा एक माणूस होता, रामलखन नावाचा, पन्नाशीचा असेल. कॉलनीत वाढल्यामुळं बाईंचं हिंदी चांगलं होतं. त्या त्याच्याशी बोलल्या. रात्री झोप लागते का, लघवीला होते का, चक्कर येते का, असलं सगळं पोरींसमोर विचारलं. तो हसून म्हणाला, "बहनजी, बैठने को मिले तो सब ठीक है." त्यानं मुलींना माठातलं पाणी दिलं आणि गरम गूळ दिला.

बाई तिथून थेट आप्पांच्या ओसरीवर गेल्या. दुपारची भट्टी बंद ठेवा, म्हणाल्या. पहाटे लावा, रात्री लावा, दुपारी नको. आप्पांनी ऐकून घेतलं आणि समजावलं की तोडून आलेला ऊस थांबत नाही, वाळतो, गुळाचा उतारा घटतो. आणि ती माणसं तिकडच्या उन्हातलीच आहेत, त्यांना सवय आहे. बाई म्हणाल्या, सवय माणसाला होते, रक्ताला होत नाही. आप्पांनी सुनेला हाक मारून बाईंना चहा आणायला सांगितलं. बाई चहा न घेता उठल्या. हे सगळं मला नंतर ऋतुजाच्या वर्गमैत्रिणींकडून कळलं.

रामलखन त्याच महिन्याच्या शेवटी गेला. दुपारी चुलवाणापाशी बसला होता, बरळायला लागला, अंग कोरडं आणि भट्टीसारखं तापलेलं. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेईपर्यंत संपला. गावात बातमी पसरली ती हार्ट अटॅकची. पन्नाशीचा माणूस, गावापासून लांब, विडी ओढायचा. आप्पांनी सगळं रीतीनं केलं. त्याचा भाऊ बोलावून घेतला, अंत्यसंस्काराचं पाहिलं. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मे महिन्यात ग्रामसभा होती. शाळेला सुट्टी लागलेली, बाई त्या गावच्या मतदारही नाहीत. तरी दौंडहून आल्या आणि चावडीच्या दारात उभ्या राहिल्या. मी शाळेच्या पाण्याच्या टाकीचा विषय होता म्हणून मुख्याध्यापकांबरोबर आलो होतो. गुऱ्हाळावरच्या माणसाला श्रद्धांजली वाहायचा ठराव आला. हार्ट अटॅकनं निधन, असं वाचलं गेलं.

बाई म्हणाल्या, "ते खोडा. उन्हानं मेला, लिहा. उन्हानं आन् जाळानं."

गलका झाला. बाहेरच्यांनी बोलायचं नाही, बाई तुमचा काय संबंध, बसा खाली. मागच्या घोळक्यातून कुणीतरी त्यांच्या जातीवरून एक शब्द टाकला. बाई त्या बाजूला वळल्या आणि म्हणाल्या की कोण बोललं त्यानं नाव सांगून पुढं यावं. कुणी आलं नाही. त्या पुरेसा वेळ थांबल्या.

आप्पा उठले. आवाज तेवढाच. "बाई, माणूस आमचा होता. आमाला दुःख हाय. तुमी त्याचं भाषण करू नका."

"माणूस तुमचा नव्हता, आप्पा. जाळ तुमचा होता."

मग त्या सभेकडं वळल्या आणि तिथंही त्यांनी तेच केलं जे वर्गात करायच्या. आज भट्टीपाशी बसलेला गेला, म्हणाल्या. ही पोरं मोठी होतील तेव्हा भट्टी लागणार नाही, नुसत्या रानात जातील. तुमचीच जातील. आज उन्हानं मेला असं लिहायला शिका, म्हणजे तेव्हा निदान कशानं मरतायत हे कळेल.

एका बाईनं रडायला सुरुवात केली, तिचा मुलगा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर होता. दोन माणसांनी साळवे बाईंना दंडाला धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्यांनी दंड सोडवून घेतला आणि स्वतः गेल्या. ठरावात हार्ट अटॅकच राहिला. बाई खरं बोलल्या होत्या, हे मला तिथं बसल्या बसल्याही कळत होतं. पण मेलेल्या माणसाच्या नावानं जमलेल्या लोकांना त्यांच्या पोरांची मरणं सांगायची नसतात, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही मी त्यावरून हललो नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाईंची बदली झाली होती. संस्थेची एक लहान शाखा शिरूर तालुक्यात, केंदूरच्या बाजूला एका वाडीवर आहे. तिथं पाठवलं. दौंडहून रोज येणं-जाणं जमणार नाही, इतकं लांब. त्यांनी अर्ज केला नाही, कुणाला भेटल्या नाहीत. वाडीवर खोली घेतली. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला. मीही घेतला. पार्टिशनच्या पलीकडून नवीन शिक्षकांचा आवाज यायचा, ते पुस्तकातलं वाचून दाखवायचे आणि माझी मुलं माझ्याकडं बघायची.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांनी दुपारची भट्टी बंद केली. बाईंमुळं नाही, असं त्यांनी चार ठिकाणी स्वतःहून सांगितलं. माणसं मिळत नाहीत, दुपारी बसायला कुणी तयार होत नाही, असं कारण होतं. घरात नात वर्षभर त्यांच्याशी धड बोलत नव्हती असं लोक म्हणायचे. ते खरं की नाही मला ठाऊक नाही. हळूहळू आजूबाजूच्या दोन-तीन गुऱ्हाळांनीही दुपार सोडली. चावडीत आता उन्हाळ्याच्या आधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची चौकशी होते. ती सुरू केल्याचं श्रेय सरपंच घेतात.

बाई गेल्या हिवाळ्यात दौंडला वारल्या, पोटाच्या दुखण्यानं. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. ऋतुजा आली होती, पुण्यात शिकते आता. गर्दी फारशी नव्हती. कुणी भाषण केलं नाही, ते बरं झालं.

पण मला त्या आठवतात त्या त्याच्या आधीच्या एप्रिलातल्या. माझं मूळ गाव केंदूर. भाचीच्या साखरपुड्याला मोटारसायकलवरून चाललो होतो, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. वाडीवरून रस्ता जातो. शाळेच्या आवारात शिडी लावलेली दिसली आणि छपरावर बाई. पदर खोचलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात लांब दांड्याचा कुंचा. वर्गाचा पत्रा त्या चुन्यानं पांढरा करत होत्या, म्हणजे ऊन परत जातं आणि खाली तापत नाही. खाली मुख्याध्यापक छत्री घेऊन उभे होते, चेहरा दुसरीकडं करून. मी थांबलो. का थांबलो ते सांगता येणार नाही.

बाई, पुढच्या वर्षी रिटायर होताय ना, मी खालून म्हणालो, मग आता हे कशाला?

"मी व्हतीय. पत्रा व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "आलाच हाय तर बादली द्या वर."

मी बादली दिली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून दोन्ही हातांनी वर धरली, आणि त्यांनी ती घेताना हिसका दिला तसा चुना माझ्या सदऱ्यावर सांडला, छातीपासून खिशापर्यंत. त्या म्हणाल्या, धरता येत नाही का नीट. मग रिकामी बादली खाली दिली आणि भरून मागितली. ती दिली. आणखी एक दिली. त्यांचा चेहरा उन्हानं काळा पडला होता आणि ओठ फुटले होते. खाली उतरून सावलीत बसा जरा, असं मी म्हणालो. त्यांनी कुंचा पुन्हा चुन्यात बुडवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, साखरपुडा असेल ना कुणाचा, जावा, जेवणं आटोपतील.

मी निघालो. चुना वाळून सदरा पत्र्यासारखा कडक झाला होता आणि बहीण काय म्हणेल या विचारानं मी बाईंना मनातल्या मनात शिव्या देत होतो. वळणावर गाडी हळू केली आणि मागं पाहिलं. अर्धं छप्पर पांढरं झालं होतं, इतकं की डोळे ठरत नव्हते. उरलेलं अर्धं तसंच गंजलेलं होतं. बाई गुडघ्यांवर बसून त्या उरलेल्याकडं सरकत होत्या आणि खाली उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांना कशावरून तरी झापत होत्या.